रिकामी खाच

"मामा, तुम्ही जल्मात कधी गाडी चालवलीय का?"

बाजीनं हे विचारलं तेव्हा मी जीपच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो आणि आता उठायचं कसं या काळजीत होतो. अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तुळशीवृंदावन सारवत असलेल्या हौसाबाईंचा हातसुद्धा थांबला.

"नाही," मी म्हणालो.

"स्कूटर?"

"नाही."

"सायकल तरी?"

"सायकल येते. पण उतार आला की मी खाली उतरतो आणि हातात धरतो."

सगळे हसले. जोत्यावर बशीतून चहा पीत बसलेले दस्तगीर मिस्त्रीही हसले आणि त्यांच्या मिशीला चहा लागला. हसली नाही ती फक्त वैजू. ती जीपच्या बॉनेटला टेकून उभी होती आणि तिच्या मुठीत किल्ली होती. संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं की ती किल्ली तिच्या हातून जायची होती.

वैजयंता माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हापासून तिला माहेर म्हणून मी एकटाच उरलो होतो आणि माझ्यासारखा माणूस म्हणजे माहेर कसलं, आधाराचा नुसता आभास. तिला वाजेवाडीत दिली होती, सड्याच्या म्हणजे डोंगरावरच्या पठाराच्या पायथ्याला. तिचा नवरा दौलत यानं मिलिटरीच्या लिलावातून एक जुनी चारही चाकं ओढणारी जीप घेतली होती. वाजेवाडीपासून वर सड्यावरच्या वाड्यांना जायला रस्ता म्हणजे म्हसोबाची चढण. लाल माती, सुटे दगड आणि एका अंगाला दरी. त्या चढणीवर दुसरी कुठलीच गाडी टिकत नसे. दौलत काविळीनं गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता जीपही जाईल. पण वैजूला त्यानंच वरच्या सपाटीवर गुपचूप गाडी शिकवून ठेवली होती. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून स्टिअरिंगवर बसली. तेव्हापासून सड्यावरची बाळंतीण, शाळेचे गुरुजी, नाचणीची पोती, नवरीचं वऱ्हाड, सगळं तिच्याच जीपमधून वरखाली व्हायचं.

आणि अलीकडं त्या जीपच्या पुढच्या अंगाला आवाज यायला लागला होता. सरळ चालताना खडखड आणि वळणावर ठक्.

बाजी तिचा धाकटा दीर. दुधाचा टेम्पो चालवायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. "वैनीनं डांबरीवर पुढच्या चाकांचा गिअर टाकून गाडी वळवली. तसं वळवलं की पुढची शाफ्टं पिळतात. क्रॉस गेलेत दोन्हीकडचे. गाडी माणसाचा हात ओळखती." मिस्त्रींनीही बाजाराच्या दिवशी आवाज ऐकून क्रॉसच गेले असावेत असं म्हटलं होतं. झालं, तिच्या सासूनं, हौसाबाईंनी निकाल दिला. तुळशीचं लग्न झालं की किल्ली बाजीकडं. वैजूनं घरी बसावं.

तिनं मला निरोप धाडला होता: "मामा, तुमच्याकडं गाड्यांची पुस्तकं आहेत ना, मग या."

पुस्तकं होती, हे खरं. कराडच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडणी करून दिली आणि निष्कर्ष काढायची वेळ आली की बाजूला सरकून उभा राहिलो. लाजरा माणूस वाचतो, तसा मीही वाचत गेलो. रद्दीच्या दुकानात गाड्यांची जुनी तांत्रिक पुस्तकं मिळत, ती मी का कोण जाणे उचलून आणायचो. ज्या गाड्यांत मी कधी बसलोही नव्हतो त्यांचे दाते, शाफ्ट, बेअरिंगं मला चित्रांतून पाठ होती. माझी बायको म्हणायची, "तुम्ही पोहायचं पुस्तक वाचून नदीला नमस्कार करणारे." त्यात खोटं काही नव्हतं.

मी कसाबसा उठलो. बाजी अजून हसत होता, पण त्याच्या हसण्यात विखार नव्हता, हे सांगायला हवं. जीपवर त्याचा जीव होता. दौलत गेल्यावर तिला रंग त्यानंच दिला होता.

वैजूनं मला गोठ्याच्या कडेला नेलं.

"मामा, एकच सांगा. मी बिघडवली का?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक काढा त्यातला."

"अजून काढता येत नाही गं."

"मग कधी येईल?"

"आधी ऐकू दे."

"आवाज सगळ्या गावानं ऐकलाय, मामा. तुम्ही काय वेगळं ऐकणार?" ती चिडून म्हणाली आणि मग स्वतःच ओशाळली. "चला. कुठं ऐकायचं तुम्हाला?"

भात कापून झालेली खाचरं घराच्या मागं मोकळी पडली होती. तिथं जीप नेली. आता मला जे हवं होतं ते सांगायचं म्हणजे पंचाईत होती. मी म्हणालो, "तू अगदी हळू चालव. माणसाच्या चालीनं. मी बाजूनं चालतो."

"चाकाच्या बाजूनं?"

"हो. कान जरा जवळ न्यायचाय."

मग ती जीप चालवायला लागली आणि मी कमरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून, पुढच्या चाकाशेजारून चालायला लागलो. भाताची बुडखं पायाला टोचत होती. बांधावर माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "पाव्हणं जीपच्या कानात काय सांगत्यात?" दुसरा म्हणाला, "सांगत न्हाईत, माफी मागत्यात." माझे कान तापले. अशा वेळी मी आयुष्यभर जे केलं तेच करावंसं वाटलं. म्हणजे, हात झटकून, 'मला यातलं काही कळत नाही' असं म्हणून चहाला बसावं. पण वैजू माझ्याकडं बघत नव्हती. सरळ समोर बघून, दात दाबून, ती मुंगीच्या वेगानं गाडी चालवत होती.

त्या जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक टोपी असते. ती एका बाजूला फिरवली की चाक आतल्या शाफ्टला जोडलं जातं आणि इंजिन पुढची चाकंही ओढतं. उलट फिरवली की चाक सुटं होतं. ते आपलं आपण फिरतं आणि आतला शाफ्ट नुसता पडून राहतो. चढणीच्या पायथ्याला वैजू उतरून दोन्ही टोप्या जोडायची आणि परत आल्यावर सुट्या करायची.

"आता टोप्या कशा आहेत?" मी विचारलं.

"जोडलेल्याच. चढण उतरून आल्यावर सोडायच्या राहिल्यात."

"मग सुट्या कर. पुढचा गिअरही काढ. आणि पुन्हा तशीच चालव."

तिनं उतरून टोप्या फिरवल्या. जीप पुन्हा हलली. मी पुन्हा वाकलो.

खडखड. बांधाच्या उंचवट्यावरून चाक गेलं तेव्हा तर चांगलीच.

मी थांबलो. जीप पुढं गेली आणि मी खाचरात एकटाच वाकलेला उभा राहिलो, तेव्हा बांधावरचे पुन्हा हसले. मला ते ऐकू आलं, पण कुठूनतरी लांबून आल्यासारखं. मी त्या आवाजाचा विचार करत होतो. क्रॉस म्हणजे शाफ्टचा सांधा. तो झिजला तर तो फिरताना बोलेल. पण टोप्या सुट्या असताना शाफ्ट फिरतच नाही. न फिरणारा सांधा बोलेल कसा?

अंगणात परत आलो आणि मिस्त्रींपाशी गेलो. दस्तगीर मिस्त्री मल्हारपेठेचे, साठीला टेकलेले, शांत माणूस.

"मिस्त्री, मला एक शंका आहे. चुकीची असेल."

"बोला साहेब. शंकेला काय, शंका फुकट असतीय."

"टोप्या सुट्या आहेत, पुढचा गिअर काढलेला आहे. आता शाफ्ट फिरतोय का?"

"न्हाई. कसा फिरंल?"

"मग क्रॉस फिरतोय का?"

"न्हाई."

"पण आवाज येतोय."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. मिशी पुसली. माझ्याकडं न बघता ते जीपकडं बघत राहिले.

"बाजारात ऐकला तवा टोप्या जोडल्याल्या व्हत्या," ते सावकाश म्हणाले. "बाजीरावच घेऊन आले व्हते गाडी. सुट्या करून मी ऐकलंच न्हाई."

"आवाज आवाज असतो," बाजी म्हणाला. "सुटी आन् जोडल्याली, त्यात काय?"

"त्यात लई काय हाय, बाजीराव," मिस्त्री म्हणाले. "फिरून वाजणं येगळं आन् ढिलं पडून वाजणं येगळं." ते उठले. त्यांनी जॅक लावला, पुढचं डावं चाक उचललं, वर-खाली धरून जोरानं हलवलं. चाक जागचं हललं नाही. "बेअरिंग घट्ट हाय. पण शाफ्ट कुठंतरी मोकळा खेळतोय."

"हबमध्ये, टोपीच्या आत असेल का?" मी विचारलं.

"हबमध्ये न्हाई," बाजी लगेच म्हणाला. "ते मी सोताच्या हातानं उघडून साफ केल्यात. आत आरशासारखं चकचकीत हाय. मिस्त्रींनाबी सांगितलं व्हतं मी."

"सांगितलं व्हतं," मिस्त्री म्हणाले. "म्हणूनच मी उघडलं न्हाई."

"कधी साफ केलं?" मी विचारलं.

"खंडेनवमीला, दुसरं कधी? सगळ्या हत्यारांची पूजा असती त्या दिवशी. विळा, कोयता, पहार धुतली, टेम्पो धुतला, जीप धुतली. दादाची गाडी, तिची पूजा नको व्हय? टोप्या काढल्या, आतलं जुनं काळं ग्रीस काढलं, राकेलनं धुतलं, पितांबरीनं टोप्या घासल्या. सोन्यावानी दिसत व्हत्या. आईला विचारा."

"दिसत व्हत्या," हौसाबाई म्हणाल्या. "दौलत असता तर डोळं भरून बघितलं असतं त्यानं."

मी वैजूकडं वळलो. "आवाज पहिल्यांदा कधी ऐकलास तू? आठवून सांग."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी," ती लगेच म्हणाली. "वरच्या वाडीतल्या बायका सोनं द्यायला खाली आल्या होत्या. त्यांना परत सोडताना. मी तेव्हाच बाजीभावजींना म्हटलं होतं."

"मला काय म्हटलं न्हाई."

"म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, नव्या ग्रीसचा आवाज असंल, चार दिवसांत बसंल."

बाजी चाकाच्या टोपीकडं बघायला लागला. मला तर वाटलं, आपण आता नको तिथं पाय टाकला. घरातल्या माणसाकडं बोट दाखवायला आपण कोण? बहिणीच्या पोरीच्या सासरी, परक्याच्या अंगणात? आणि माझा तर्क चुकला तर? पुस्तकातलं चित्र वेगळ्या जीपचं असलं तर? बाजीनं सगळं नीट बसवलेलं असेल, आत दुसरंच काही मोडलेलं असेल, आणि माझ्या आगाऊपणानं वैजूची उरलीसुरली पतही जाईल.

"मिस्त्री," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पातळ वाटला. "टोपी उघडता का? एकदाच बघू."

मिस्त्रींनी पाना घेतला. बोल्ट सुटले. टोपी हातात आली. आत खरोखरच चकचकीत होतं, बाजी खोटं बोलला नव्हता. त्याच्या मधोमध शाफ्टचं टोक दिसत होतं, दात्यांचं, बोटाएवढं पुढं आलेलं. मी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. टोकाच्या अलीकडं, शाफ्टभोवती गोल, एक बारीक खाच कोरलेली होती. कोरा कागद असावा तशी कोरी. त्या खाचेत काही नव्हतं.

मी दोन बोटांनी शाफ्टचं टोक धरलं आणि आत ढकललं. तो सरकला. बाहेर ओढलं. आला. आत, बाहेर. आत गेला की आतून ठक् असा आवाज. तोच. वळणावरचा तोच ठक्.

"मिस्त्री," मी कुजबुजलो. "या खाचेत काहीतरी असतं ना? पुस्तकात एक कडी दाखवलेली असते. पण ती कदाचित दुसऱ्या बनावटीच्या..."

"सगळ्याच बनावटीत असती," मिस्त्री म्हणाले. त्यांनीही बोट घातलं. "लॉक म्हणत्यात तिला. पोलादाची कडी, एका बाजूनं तुटकी. ती शाफ्टला बाहेरच्या बाजूनं धरून ठेवती. ती न्हाई म्हटल्यावर शाफ्ट आपला आत-बाहेर हिंडणारच. बघा, ती बसायची तिथं लोखंड अजून घासल्यालं दिसतंय." ते उठले, दुसऱ्या बाजूला गेले, तिकडचीही टोपी उघडली. आम्ही सगळे त्यांच्यामागं. तिकडची खाचही तशीच कोरी.

"असलं काही नसतंच त्यात," बाजी म्हणाला, पण त्याचा आवाज खाली गेला होता. मग तो एकदम थांबला. "काळ्या कड्या? वाकड्या, तुटक्या? बारीक, थोरल्या अंगठीएवढ्या?"

"त्याच."

"व्हत्या." त्यानं कपाळावर हात मारला नाही, काही केलं नाही, नुसता जागीच उभा राहिला. "दोन व्हत्या. गंजल्याल्या. मी काढल्या, घासल्या, आन् पूजेच्या ताटात ठेवल्या. सगळं हत्यारापाशी मांडलं. मग परत बसवताना टोपी नीट बसली की. म्हटलं, बसली म्हणजे झालं."

"टोपी बसतीच," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "ती कडी टोपीसाठी न्हाई, शाफ्टसाठी असती."

आता बोलायला हवं होतं आणि ते मलाच बोलायला हवं होतं. वैजू माझ्याकडं बघत होती. मी बाजीकडं बघू शकलो नाही, म्हणून हौसाबाईंकडं बघितलं.

"विहीणबाई," मी म्हणालो, "वैजूनं गाडी बिघडवलेली नाही."

माझा आवाज मोठा निघाला. इतका, की वृंदावनापाशी दाणे टिपणारी कोंबडी पंख फडफडवत पळाली. वैजू अजून वाट बघत होती. मी पुढं आणखी काहीतरी जोडेन, थोडं मागं घेईन, अशी. मी नाही जोडलं.

"क्रॉस तपासू एकदा, म्हणजे संशय नको," मिस्त्री म्हणाले. त्यांनी एका बाजूचा शाफ्ट ओढून बाहेर काढला आणि त्याचा सांधा वाकवून, फिरवून बघितला. आमच्यासमोर धरला. "ह्यो बघा. नव्यासारखा. डांबरीवर पिळला असता तर ह्यात खड्डं पडलं असतं. पोरगीनं गाडी जपून चालवलीय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साहेब, मी कानावर इसंबलो. उघडून बघायचं ते बघितलं न्हाई."

"पण मी चालवू शकत नाही हो," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"आता कड्या कुठल्या आणायच्या?" वैजू म्हणाली. "पुण्याहून?"

"ताट कुठं गेलं?" मी बाजीला विचारलं.

"आईनं उचललं."

सगळे हौसाबाईंकडं बघायला लागले. त्यांचा हात शेणानं भरलेला होता. त्या एकाएकी लहान मुलीसारख्या दिसल्या. त्यांनी हात धुतला, पदराला पुसला आणि त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. हातात देवघरातलं तबक होतं आणि त्यात दोन टाक, एक भैरोबाचा आणि एक जानाईचा. दोघांच्याही भोवती काळ्या पोलादाची एकेक कडी घट्ट बसवलेली, वर हळदकुंकवाची पुटं. लांबून बघितलं तर देवांना प्रभावळ केल्यासारखी दिसत होती.

"मला काय ठावं," हौसाबाई म्हणाल्या. "पूजेच्या ताटात व्हत्या. हळदकुंकू वाहिल्यालं. पूजल्याली वस्तू कुठं टाकायची? इकडं तिकडं ठेवली तर पाप लागंल. देवाला बसती का बघितली, तर बसली. भैरोबाला अशी शोभली म्हनता! म्हटलं, बाजीनं देवासाठीच आणली असंल." मग हळूच म्हणाल्या, "महिनाभर पूजा केली की मी ह्यांची."

पहिल्यांदा हसला तो बाजी. फुटून हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मिस्त्री. मग बांधावरून अंगणात आलेली सगळी माणसं. वैजू तोंडावर पदर धरून हसत होती आणि मग ती रडतेय हे माझ्या लक्षात आलं, आणि मग ती दोन्ही करतेय हे.

"आता देवाच्या अंगावरचं काढायचं व्हय?" हौसाबाईंना खरोखरची चिंता पडली होती.

"आई, गाडी सड्यावर माणसं नेती. ते काय देवाचं काम न्हाई?" बाजी म्हणाला.

हौसाबाईंनी तबक तुळशीपाशी ठेवलं. डोळे मिटले. पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "भैरोबा, जानाई, गाडीचं व्हतं ते चुकून तुमच्या गळ्यात आलं. आता गाडीला परत देतीय. रागावू नका. आन् वर नीट पोचवा." मग स्वतःच्या नखानं कडी सोडवायला गेल्या. नख मोडलं. शेवटी मिस्त्रींनी पकड आणून दोन्ही कड्या सोडवल्या आणि त्यांच्यावरचं कुंकू फडक्यानं पुसायला लागले. बाजी म्हणाला, "राहू द्या की. असूं दे जरा."

मिस्त्रींनी काढलेला शाफ्ट परत बसवला. शाफ्टभोवतीचा पितळी बुश थोडा झिजलाय, तो नवा खरादून पुढच्या आठवड्यात बसवतो, तोवर भरपूर ग्रीस घालतो, म्हणाले. मग कडी पकडीनं ताणून खाचेत सोडली. टच् असा बारीक आवाज झाला आणि ती जागेवर बसली. मिस्त्रींनी मला खूण केली. मी वाकून शाफ्टचं टोक धरलं आणि आत ढकललं.

तो जागचा हलला नाही.

"बघा जोर लावून, साहेब."

मी जोर लावला. नाही हलला. दुसऱ्या बाजूची कडी बसल्यावर तिथलाही ढकलला. तोही नाही. मग मिस्त्रींनी टोप्या परत लावल्या. हात काळे झाले होते. मी ते पुसायचे विसरून गेलो आणि नंतर चष्मा नीट केला, त्यामुळे दिवसभर माझ्या नाकावर ग्रीसचा डाग होता. कुणी मला सांगितलं नाही.

"चढण चढून बघू," वैजू म्हणाली. किल्ली अजून तिच्याच मुठीत होती. तिनं ती कुणाला दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. "मामा, तुम्ही पुढं बसा."

"मी पुढं बसते," हौसाबाई म्हणाल्या.

वैजू त्यांच्याकडं बघत राहिली. दौलत गेल्यापासून हौसाबाई त्या जीपमध्ये बसल्या नव्हत्या. बाजाराला जायचं झालं तरी बाजीच्या टेम्पोत दुधाच्या कॅनांच्या मधे बसून जायच्या. त्यांनी लुगडं सावरलं, पायरीवर पाय ठेवला आणि हात पुढं केला. वैजूनं त्यांना वर घेतलं. मी आणि बाजी मागं चढलो. मिस्त्री म्हणाले, मी खाली उभा राहून ऐकतो.

पायथ्याला वैजू उतरली आणि दोन्ही टोप्या जोडल्या. चढणीला लागताना पुढचा गिअर टाकला. जीपनं नाक वर उचललं. लाल मातीत चाकं रुतली, घसरली, धरली. एका अंगाला दरी होती आणि मी त्या बाजूला बसलो होतो. पहिल्या वळणावर माझ्या पायाची बोटं बुटात आवळली गेली. वैजू स्टिअरिंग असं फिरवत होती की जणू ते तिच्या अंगाचंच होतं. समोर मोठा दगड आला तर त्याला कुरवाळून बाजूनं नेत होती. हौसाबाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. नंतर हलायचे थांबले. त्या सुनेच्या हातांकडं बघायला लागल्या.

"असंच चालवायचा," त्या एकदा म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, कळलं नाही.

बाजी माझ्या शेजारी होता. मधल्या वळणावर तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मामा, पुढच्या खंडेनवमीला तुम्ही या. मी उघडतो, तुम्ही सांगा काय कुठं ठेवायचं."

"मला गाडी येत नाही, बाजी."

"आवं, मला तरी कुठं येत व्हती!"

शेवटचं वळण सगळ्यांत अवघड होतं. जीप जवळजवळ थांबली, इंजिन घुमलं, चारही चाकांनी एकदम जमीन पकडली आणि आम्ही वर निघालो. एकदम सगळं सपाट झालं. सड्यावर कार्तिकातलं गवत पिकून सोनेरी पडलं होतं. पलीकडं खोल खाली कोयनेचं पाणी पसरलं होतं, ऊन लागून चमकणारं. वाऱ्यानं हौसाबाईंचा पदर उडाला. त्यांनी तो धरला नाही.

वैजूनं इंजिन बंद केलं. हौसाबाई बराच वेळ त्या पाण्याकडं बघत होत्या. मग, साधा रोजचा प्रश्न विचारावा तशा म्हणाल्या, "उद्या बाजाराला किती वाजता निघणार गं तू?"

वैजूनं स्टिअरिंगवर हात ठेवला, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"सातला, आत्याबाई."

"मग मला हाक मार."

मग वैजू मागं वळली. चेहरा उन्हानं आणि कशाकशानं तांबडा झाला होता. "मामा, आवाज? वळणांवर आला का हो?"

बाजीही माझ्याकडं बघायला लागला. सबंध चढणभर मी दरीकडं, तिच्या हातांकडं, हौसाबाईंच्या पाठीकडं बघत आलो होतो.

"अगं," मी म्हणालो, "मी ऐकायचंच विसरलो."